साधूंचे नाव, कामगारांचा पेला



कामगार चळवळीतल्या माणसाने गोड मद्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण गेटसभांत आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांत झाले. पगाराच्या दिवशी गुत्त्याबाहेर नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. तेव्हा मद्याची तरफदारी करायला आम्ही आलेलो नाही.

लिक्युअर म्हणजे वनस्पती, फळे किंवा मसाले यांचा स्वाद मद्यात उतरवून त्यात साखर घातलेले पेय. फ्रान्समधल्या फेकाँ बंदरात अलेक्झांडर ल ग्राँ या दारूच्या व्यापाऱ्याने १८६३ साली ‘बेनेडिक्टिन’ तयार केले. त्यात २७ वनस्पती व मसाले. पैकी केशर, दालचिनी, जायफळ आपल्या ओळखीचे. कृती मठातल्या साधूंची, असे तो सांगे. साधू तर फ्रेंच क्रांतीतच पांगले होते. बाटलीवर नाव त्यांचे राहिले, नफा व्यापाऱ्याचा झाला.

पहिल्या महायुद्धात ईस्ट लँकेशायर रेजिमेंटचे शिपाई फ्रान्समध्ये होते. गिरण्यांतली आणि खाणींतली ही पोरे. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत त्यांच्या एका पलटणीचे ५८४ जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. जे जगले, ते गरम पाण्यातल्या बेनेडिक्टिनची चव घेऊन घरी परतले, असे त्यांच्या गावात सांगतात. श्रीमंतांच्या जेवणानंतरचे हे पेय पुढे बर्न्लीच्या खाणकामगार क्लबात इतके खपू लागले, की त्या क्लबाची गणना त्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांत झाली.

यात भुलण्यासारखे काही नाही. त्या बाटलीत शंभरात चाळीस भाग मद्यार्क असतो. साखरेने दारूची धार लपते, कमी होत नाही.

आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो क्लब. बर्न्लीजवळची हॅप्टन व्हॅली खाण १९८२ साली बंद झाली; क्लब मात्र पुढेही चालू राहिला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे आमच्या गिरण्या गेल्या, चाळी गेल्या. संध्याकाळी चार सोबत्यांत बसायला आमच्या माणसाला गुत्त्याखेरीज कोणती जागा उरली?

आम्ही वर्षानुवर्षे दारू सोडा म्हणून सांगत फिरलो. बसायचे कुठे, हे सांगितले नाही. ही चूक आमची. आपल्या गावात कामगारांसाठी एक खोली, एक वाचनालय, चहाची एक किटली उभी राहिली, तर आजचे बोलणे फुकट गेले नाही असे आम्ही समजू.