घर मिळाले, गॅलरी गेली
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

आम्ही गिरणीतली माणसे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पुढे एकेक भोंगा बंद पडला आणि गिरणगावातली कितीतरी कुटुंबे वसई-विरारकडे सरकली. बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली व सामाईक संडास. इथे एव्हरशाईन सिटीत स्वतःचा ब्लॉक, स्वतःचा नळ. प्रगती झाली, नाही कोण म्हणतो? पण घरातली म्हातारी माणसे विचारतात, "बाबा रे, दिवसभर बोलायचं कुणाशी?"

चाळीला लांबलचक गॅलरी होती, दारे उघडी असत. आजी तांदूळ निवडायला बसली की चार बायका जमत. आजोबा सकाळी दिसले नाहीत तर शेजारी कडी वाजवी. चाळीचे गोडवे आम्ही गात नाही. म्हातारपणी संडासाच्या रांगेत उभे राहणे काय असते ते आम्ही पाहिले आहे. २०२५ साली वरळीच्या बीडीडीवासियांना ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली, याचा आनंदच आहे. पण चौरस फूट मोजताना शेजार कोण मोजणार?

आपली ही भूमी साधी नाही. जवळच्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. इतर ठिकाणी हा लेख पूर्ण आहे. त्यात सम्राट सांगतो की, शिकारीच्या सहली सोडून आपण धम्मयात्रा सुरू केल्या. त्यात वृद्धांची भेट घ्यायची व त्यांना धन द्यायचे. बंधूंनो, धन आपण देतो. औषध आणतो, टीव्ही लावून देतो. भेट मात्र राहून जाते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. ज्या इमारतीला लिफ्ट नाही, तिथे वृद्धांना तळमजल्याचे घर मिळेल अशी अदलाबदल सोसायटीने जमवावी. जिन्याला धरायला दोन्ही बाजूंनी कठडा असावा. सगळी मोकळी जागा गाड्यांना देऊ नये. गेटजवळ सावलीत पाठ टेकता येईल अशी बाकडी समोरासमोर मांडावीत, म्हणजे बोलणे होईल. पावसात रस्त्यावर पाणी भरले की तरुणांनी पहिली चौकशी एकट्या म्हाताऱ्यांची करावी.

आणि आपला विहार? तो वंदनेपुरता उघडून कुलूप लावू नका. दुपारी दोन ते पाच उघडा ठेवा. सतरंजी, वर्तमानपत्र व चहाची किटली एवढे पुरे. गेलेली गॅलरी इथेच परत मिळेल.

नमो बुद्धाय! जय भीम!