संगणकाची खरेदी : एका ग्राहकाचे अनुभव
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



या मालेतील यापूर्वीच्या वक्त्यांनी साहित्याचे आणि रंगभूमीचे विषय हाताळले. माझ्या वाट्याला आलेला विषय अगदीच बाजारातला आहे. बाजारात ‘हार्डवेअर’ म्हणजे खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे. त्या हार्डवेअरची पारख आपणां सर्वांना आहे. बिजागरीचे वजन हातावर तोलता येते, कुलूप चार वेळा फिरवून पाहता येते. आपल्या बडोद्यात तर उत्तम हार्डवेअरचा नमुना डोळ्यांसमोरच उभा आहे. महाराजा सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण केले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाची मांडवीनजीकची इमारत, तिच्यातील पोलादी मांडण्या आणि काचेची जमीन, आपण पाहिलेली आहे.

संगणकाच्या बाबतीत ही हाताची पारख चालत नाही. पेटी बंद असते, आतले भाग निरनिराळ्या देशांतून आलेले असतात, आणि विकणाऱ्यालाही आत काय आहे याची पुरती कल्पना असतेच असे नाही.

ग्रंथालयाची सूची संगणकावर घेण्याचे ठरले तेव्हा खरेदीचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविले. २००३ साली घेतलेला संगणक दीड वर्षात आचके देऊ लागला. मध्येच बंद पडे, पुन्हा सुरू होई. पेटी उघडली तेव्हा मुख्य फलकावरील छोट्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले आणि दोघा-तिघांतून तपकिरी द्रव पाझरलेला दिसला. हमीची मुदत एका वर्षाची. ती संपली होती. विक्रेत्याने शांतपणे सांगितले, “साहेब, तुमच्याकडची वीज खराब आहे.” आमच्याकडे स्टॅबिलायझर होता, यूपीएस होता, परंतु एका यंत्राच्या अनुभवावर वाद कसा घालणार? पाच आठवडे सूची बंद राहिली. देवघेव थांबली नाही याचे श्रेय कार्डांचे खण मोडीत काढण्यास ठाम नकार देणाऱ्या आमच्या वृद्ध ग्रंथपालांना आहे.

पुढे कळले ते असे. १९९९ पासून काही वर्षे सदोष विद्रावाने भरलेले कपॅसिटर जगभरच्या यंत्रांत जाऊन बसले होते. त्या विद्रावातून वायू सुटतो, कपॅसिटर फुगतो आणि फुटतो. डेल या बलाढ्य कंपनीने अशा यंत्रांच्या दुरुस्तीपोटी २००५ साली ३० कोटी डॉलरची तरतूद केली. २०१० मध्ये एका दाव्यातील कागदपत्रे खुली झाली. मे २००३ ते जुलै २००५ या काळात धोक्याच्या कक्षेतील किमान १ कोटी १८ लाख संगणक त्या कंपनीने पाठविल्याचे त्यांतून दिसले. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातील यंत्रे बंद पडली, तेव्हा अवघड गणिते घालून तुम्ही यंत्रांना शिणविलेत, असे कारण त्या विभागाला देण्यात आले होते! आमच्या विक्रेत्याने वीज पुढे केली, तिकडे गणित पुढे आले. सुटे-सुटे ग्राहक आपल्याच घरात दोष शोधत बसतात तोवर विकणाऱ्याला चिंता नसते.

हार्ड डिस्कची कथा याहून सूक्ष्म आहे, आणि ग्रंथालयाला तीच अधिक जिव्हाळ्याची. फलक बदलता येतो. डिस्क गेली की तिच्यावरचे सारे जाते. जाहिरातपत्रकात ‘बिघाडापूर्वीचा सरासरी काळ दहा लाख तास’ असे छापलेले असते. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे! आपल्या ग्रंथालयाच्या वयाहून अधिक. पण तो आकडा एका डिस्कचे आयुष्य सांगतच नाही. त्याचा अर्थ एवढाच, की मोठ्या समूहातील शंभरांत सुमारे एक डिस्क दरवर्षी निकामी व्हावी. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बदलाव्या लागलेल्या डिस्कचे वार्षिक प्रमाण सर्वसाधारणपणे शेकडा दोन ते चार आणि काही ठिकाणी तेरापर्यंत निघाले. महागड्या जातीच्या आणि स्वस्त जातीच्या डिस्कांत त्यांना म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनीही आपल्या डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी लक्षणे नोंदवीत असते, त्यांतील सर्वांत बोलकी चार लक्षणे बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांत मुळी दिसलीच नव्हती. रोगी ठणठणीत दिसतो आणि सकाळी उठत नाही, असा हा प्रकार.

‘अमुक छाप उत्तम, माझी सात वर्षे चालली’ हे वाक्य मी आता कौतुकाने ऐकतो आणि सोडून देतो. एका डिस्कवरून छापाची परीक्षा होत नाही. महाग डिस्क घेण्याऐवजी साध्या दोन घ्याव्यात आणि तिसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवावी, असे धोरण कार्यकारिणीने स्वीकारले. आमच्या दुर्मिळ नियतकालिकांची छायांकित पाने आज अशी तीन ठिकाणी आहेत. ग्रंथांच्या दाखलनोंदवहीसारखी यंत्रांचीही वही ठेवली आहे : खरेदीची तारीख, अनुक्रमांक, हमीची मुदत, प्रत्येक तक्रार आणि विक्रेत्याचे उत्तर, त्याच्या सहीसह. सहीची वही पुढे केली की उत्तरे बरीच मवाळ होतात, हा अनुभव आहे.

आता आश्रयदात्यांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी येथे कपाटे दिली. त्यांवरची नावे आजही वाचता येतात. संगणकालाही तशीच पाटी लावावी, अशी इच्छा काही देणगीदारांनी व्यक्त केली आहे. भावना मोलाची आहे, परंतु कपाट साठ वर्षे उभे राहते आणि डिस्क चार-पाच वर्षांत बदलावी लागते. नव्या यंत्राला दाता मिळतो, जुनी डिस्क बदलायला मिळत नाही. यासाठी कार्यकारिणीने वार्षिक वर्गणीचे स्वतंत्र खाते उघडले आहे. त्याच्या पावत्या देवघेवीच्या टेबलावर मिळतील. नावे वहीत लिहिली जातील, यंत्रावर नाही.