अधिकार कोणाकडून?
(पाडा कार्यकर्त्यांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मार्काच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय, २७ ते ३३ ही वचने आपण आता वाचली. आदल्या दिवशी येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकले होते, कबुतरे विकणाऱ्यांनाही सोडले नव्हते. कबुतर हे गरिबाचे अर्पण. कोकरू परवडत नाही त्याने दोन पक्षी आणावेत असे नियमशास्त्रातच आहे, आणि मरीयेने बाळ येशूला घेऊन हेच अर्पण केले होते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मंदिरात आला, तेव्हा मुख्य याजक, शास्त्री आणि वडील त्याच्यासमोर उभे राहिले. हे तिघे एकत्र आले म्हणजे न्यायसभाच आली म्हणा. हे सर्व तू कोणाच्या अधिकाराने करतोस, असे त्यांनी विचारले.

प्रश्न गैर नव्हता. मंदिराची जबाबदारी त्यांच्यावर होती. उद्या आपल्या बालवाडीत कोणी येऊन सामान उलथवले तर आपणही हेच विचारू. पण विचारणाऱ्यांचा अधिकार कुठून आला होता? कयफा सन १८ ते ३६ महायाजक होता, आणि त्याला त्या पदावर बसवले रोमी सुभेदार वालेरियस ग्रातस याने. कयफाचा सासरा हन्ना यालाही याच सुभेदाराने पदावरून काढले होते. महायाजकाची पवित्र वस्त्रेसुद्धा मंदिराला लागून असलेल्या अँटोनिया किल्ल्यात रोमी लोकांच्या ताब्यात असत आणि सणापुरती बाहेर येत, असे योसेफस लिहितो. अंगावरचा झगा परक्याच्या कुलुपातून आणायचा आणि दुसऱ्याला अधिकार विचारायचा!

येशूने उलट योहानाच्या बाप्तिस्म्याविषयी विचारले. तो स्वर्गाकडून की माणसांकडून? योहान जखऱ्या याजकाचा मुलगा. वंशाने त्याला मंदिरात जागा होती. तो गेला रानात, यार्देनेच्या काठी. आता पुढाऱ्यांची कुजबुज नीट पाहा. स्वर्गाकडून म्हटले तर आपणच अडकतो, माणसांकडून म्हटले तर लोक खवळतील. खरे काय आहे, हा विचार त्या कुजबुजीत कुठेच नाही. म्हणून त्यांनी ठाऊक नाही असे सांगितले. (हे पुढारी म्हणजे सगळे यहूदी नव्हेत. ज्यांची त्यांना भीती वाटत होती ते लोकही यहूदी होते, आणि येशूही.)

येशूने चतुराईने त्यांची तोंडे बंद केली, असे पुष्कळ उपदेशक सांगतात. मला ते पटत नाही. त्याने दार उघडे ठेवले होते. योहानाला मानले असते तर उत्तर तिथेच होते, कारण त्याच यार्देनेत येशूचा बाप्तिस्मा झाला आणि आकाशातून वाणी आली.

आता आपल्या कामाकडे येते. डोंगरातल्या एका पाड्यावर आपली एक पावरा बहीण आहे. चौथीच्या पुढे शिकलेली नाही. रविवारची प्रार्थना तीच घेते, आणि तापाने फणफणलेले लेकरू रात्री खांद्यावर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात तीच पोचवते. तिच्याकडे कोणते प्रमाणपत्र आहे, असे विचारणारे पत्र समितीकडे आले आहे. सुई टोचायची असेल तर प्रमाणपत्र हवेच. मी ३० वर्षे परिचारिका होते, त्यात मी तडजोड करणार नाही. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायला कोणता कागद लागतो? आणि तो कोण देणार, आपण?

दुपारच्या बैठकीत प्रार्थना घेणाऱ्यांसाठी दहावीची अट घालण्याचा ठराव आहे. मी विरोधात मत देणार आहे. ज्यांना तो मांडायचा आहे त्यांनी येत्या रविवारी माझ्याबरोबर त्या पाड्यावर यावे, आणि तोवर ठराव पुढे ढकलावा अशी माझी सूचना आहे. जीप सकाळी सहाला निघते. शेवटचे दोन कोस पायी जावे लागते, तेव्हा चपला बऱ्या घाला.