कार्यकर्त्याची चूल
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या प्रसंगी देणगीदारांचे सत्कार होतात, वास्तूंच्या छायाचित्रांनी स्मरणिकेची पाने सजतात आणि ते उचितच आहे. परंतु त्या वास्तूत प्रत्यक्ष काम करणारा कार्यकर्ता कोठून आला, या कामाकडे वळण्यापूर्वी तो काय करीत होता आणि त्याच्या घरची चूल कशावर पेटते, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्यांतील शेवटचा प्रश्न तर विचारणेही अशिष्ट मानले जाते. नगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, या बाबतीत भाग्यवान आहे. येथे या प्रश्नाची जिवंत उत्तरे तालुक्यातालुक्यांत सापडतात.

जैन समाजाची जुनी रीत अशी की प्रथम व्यवसायात पाय रोवावेत, मग लोककार्यात पडावे. कुंदनमल शोभाचंद फिरोदिया हे नगरचे वकील. वकिलीतून ते सार्वजनिक जीवनात आले, स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला आणि १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ही रीत थोर खरी. पण पुढे तिचा सोपा अर्थ काढला गेला. दुकान मुलाच्या हाती द्यावे, गुडघे दुखू लागावेत आणि मग समाजकार्यास प्रारंभ करावा! पर्युषणात साधु-साध्वींचा योग नसलेल्या गावी जाणारे स्वाध्यायी बंधू-भगिनी हे याला सन्माननीय अपवाद होत. आठ दिवस दुकान बंद ठेवण्याचा हिशेब ज्याने केला आहे, त्यालाच त्याची किंमत ठाऊक.

शांतिलाल मुथ्था यांचा मार्ग निराळा. ते मूळचे बीड जिल्ह्यातील. नगरहून बीडकडे जाताना कडा गाव लागते, तेथील जैन बोर्डिंगमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. पुण्यात बी.कॉम. होऊन त्यांनी बांधकाम व्यवसायात यश मिळविले आणि वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी व्यवसायातून अंग काढून घेतले. १९८५ साली भारतीय जैन संघटना स्थापन झाली. हुंडा व विवाहातील उधळपट्टी यांविरुद्ध सामूहिक विवाहांपासून आरंभ झालेले हे काम ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणण्यापर्यंत पोहोचले. बोर्डिंगच्या आश्रयाने शिकलेल्या मुलाने भूकंपग्रस्त मुलांसाठी वसतिगृह उभारावे, यात योगायोग थोडा आणि संस्कार अधिक आहे. मात्र हेही ध्यानात घ्यावे की व्यवसायाने त्यांची चूल आधीच सुरक्षित केली होती.

राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी मुंबईत फुले विकली, नंतर ते सैन्यात वाहनचालक झाले. १९७५ मध्ये गावी परतल्यावर सैन्यातून मिळालेल्या रकमेतून त्यांनी यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे निर्वाहास लष्करी निवृत्तिवेतन होतेच.

हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. झालेले, क्रिकेटची आवड असलेले तरुण. १९८९ साली ते सरपंच झाले. वाणिज्य शाखेचा पदवीधर गावात काय करणार, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर म्हणजे तेथील पाण्याचा ताळेबंद. सरासरी जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या या गावात दरवर्षी पडलेला पाऊस मोजला जातो, जमेची बाजू मांडली जाते आणि त्यानुसार कोणते पीक घ्यावयाचे ते ठरते. ऊस व केळी यांना मनाई, शेतीसाठी कूपनलिकांना मनाई. शिल्लक पाहिल्याशिवाय खर्च नाही, हे कोणत्याही पेढीवर पहिल्या दिवशी शिकविले जाते. त्यांनी ते विहिरींना लावले. २०२० सालच्या पद्मश्री सन्मानाने त्या कामाची नोंद देशाने घेतली.

या सर्वांहून अधिक शिकविणारे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहीनात आणि राहिल्या तरी गावाशी एकरूप होईनात. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण द्यावयाचे ठरले. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित व भूमिहीन घरांतील, काही परित्यक्ता. आठवड्यास एकदा त्या जामखेडला येत, जातिभेद बाजूस सारून एकत्र जेवत व मुक्काम करीत आणि सुरक्षित बाळंतपण, बालकांचे वजन, अतिसारात साखर-मिठाचे पाणी असे ज्ञान घेऊन गावी परतत. प्रारंभी त्या परिसरात हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९० च्या दशकापर्यंत हे प्रमाण पंचविसाच्या आसपास आले. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कार्यकर्तींना पगार नव्हता. तथापि त्यांना उपाशी पोटी सेवा करा, असेही कोणी सांगितले नाही. शेळीपालन, लहानसहान विक्री अशा उद्योगांसाठी त्यांना साहाय्य मिळाले. म्हणजे आरोग्याच्या आराखड्यात चुलीचाही विचार होता.

आजचा तरुण वेगळ्या दाराने येतो. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तो प्रथम फावडे हाती धरतो. पुढे नगरच्याच सीएसआरडीमध्ये समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेण्याची सोय आहे. पदवी मिळते, नोकरी बहुधा प्रकल्पाची मिळते आणि प्रकल्प संपला की पगारही संपतो. परिचय संमेलनात मुलाच्या माहितीपत्रकावर ‘सी.ए.’ दिसले की खुर्च्या पुढे सरकतात, ‘समाजकार्य’ दिसले की ‘ते ठीक, पण उदरनिर्वाहासाठी काय करता?’ असे विचारले जाते. विचारणारे बहुधा कोणत्या तरी संस्थेचे विश्वस्त असतात. वैयावृत्त्यास आभ्यंतर तपात स्थान देणाऱ्या धर्माच्या अनुयायांना हा प्रश्न शोभत नाही. अर्थात मुलीच्या पित्याची काळजी खोटी नाही. पगारच तसा असेल तर त्याने काय करावे?

दोष देणगीच्या रूढीत आहे. खोलीवर नाव कोरता येते, पंख्यावरही कोरता येते, पगारावर कोरता येत नाही. म्हणून बांधकाम निधी भरतो आणि ज्याने ती खोली चालवावयाची त्याचे मानधन ‘किरकोळ खर्च’ या सदरात जाते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक सूचना. सुवर्णमहोत्सवी निधीतून एक कायम ठेव वेगळी काढावी. तिच्या व्याजातून दोन पूर्णवेळ कार्यकर्ते नेमावेत, एक युवक आणि एक युवती. वेतन पेढीवरील अनुभवी मुनीमापेक्षा कमी नसावे, भविष्यनिर्वाह निधी व आजारपणाची तरतूद असावी आणि मुदत किमान पाच वर्षांची असावी. व्याजाचे दर खाली आल्यास तूट कोण भरून काढणार, हेही ठरावातच लिहून ठेवावे. आगामी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय इमारत दुरुस्तीच्या आधी घ्यावा, एवढी विनंती.

जय जिनेंद्र.