खेळ, खेडे आणि क्षणाचा हिशेब

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र हे शब्द कानी पडले, की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दिल्लीची मेट्रो, गुरुग्रामच्या काचेच्या इमारती आणि नोएडाचे रुंद रस्ते उभे राहतात. परंतु १९८५ च्या कायद्यातून जन्मलेल्या आणि पुढे वाढत गेलेल्या या क्षेत्राचा नकाशा उघडला, तर त्यात हरियाणातील नूह, रेवाडी, झज्जर व पानिपत, उत्तर प्रदेशातील बागपत व बुलंदशहर, आणि राजस्थानातील अलवर व भरतपूर हेही जिल्हे सापडतात. येथे मोहरीची व उसाची शेते आहेत, अरवलीच्या उघड्या टेकड्या आहेत, विटांच्या भट्ट्या आहेत. राजधानीच्या नावाखाली नांदणारे हे मोठे ग्रामीण जगच होय.

या जगातल्या एखाद्या घरी आज दूरचित्रवाणीच्या पडद्याखाली खेळाचा कन्सोल येऊन बसतो. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स या नावांनी ओळखले जाणारे हे यंत्र एकट्याने खेळण्यापुरते असते, तोवर गावाला व शहराला ते सारखेच. पण त्यावरून दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी सामना सुरू झाला, की घराच्या इंटरनेट जोडणीची परीक्षा सुरू होते. नूहच्या गावातला मुलगा गुरुग्रामच्या मुलाकडून हरतो, तेव्हा तो कौशल्यात कमी पडला की जोडणीत, हा प्रश्न साधा नाही. घरच्या कर्त्या माणसापुढे दुसरा प्रश्न असतो : दरमहा खर्चावयाचे हे पैसे नेमके कशासाठी?

जाहिरातींत या प्रश्नाचे उत्तर एकाच आकड्याने दिलेले असते. शंभर मेगाबिट, दोनशे मेगाबिट, पाचशे मेगाबिट! आकडा जितका मोठा तितकी जोडणी उत्तम, असा सामान्य समज त्यामुळे रूढ झाला आहे. वस्तुतः तो आकडा रस्त्याची रुंदी सांगतो. त्या रस्त्याने गेलेला निरोप किती वेळात परत येतो, हे सांगत नाही. प्रत्यक्ष खेळताना कन्सोल जी माहिती पाठवतो व घेतो, ती अगदी थोडी असते. तिला काही मोजके मेगाबिटही पुरतात. तिला हवी असते ती तत्परता.

इतिहासातले उदाहरण मराठी श्रोत्यांना अपरिचित नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची वार्ता माळव्यात असलेल्या नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचण्यास अनेक दिवस लागले. आज त्याच पानिपतातून पुण्यास पाठवलेला संदेश काचेच्या तंतूंतून प्रकाशरूपाने धावतो आणि पुन्हा पानिपतास येतो, तो सेकंदाच्या काही शतांशांत. तंतूमधील प्रकाशाची गती सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर असते. या जाण्या-येण्याच्या वेळाला खेळाडू ‘पिंग’ म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत मोजतात.

इतक्या सूक्ष्म वेळाने काय बिघडते? पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटत असतील, तर प्रत्येक चित्राला सुमारे सतरा मिलिसेकंद मिळतात. शंभर मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे सहा चित्रांची पिछाडी. प्रतिस्पर्धी जिथे दिसतो, तिथून तो केव्हाच निघून गेलेला असतो. त्याहून जाचक असते ती विलंबाची अनियमितता. नेहमीच साठ मिलिसेकंद लागत असतील, तर हात त्याला सरावतो. पण एकदा तीस, एकदा दोनशे, असे होऊ लागले तर कोणताही सराव उपयोगी पडत नाही. वाटेतच काही निरोप गहाळ झाले, तर पडद्यावरची माणसे एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखी दिसू लागतात.

आता गावात उपलब्ध असणाऱ्या मार्गांचा विचार करावा. पहिला मान अर्थातच काचतंतूचा. त्यात विलंब कमी व स्थिर असतो आणि काचेतून वीज वाहत नसल्यामुळे जुन्या तांब्याच्या तारेप्रमाणे ती आकाशातल्या विजेचा धक्का घरात आणीत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत असा तंतू नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली व पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पण पंचायतीपर्यंत तंतू येणे निराळे आणि तो शेतातल्या घरापर्यंत येणे निराळे. शिवाय रस्ता खोदताना तो तुटला, तर जोडायला माणूस केव्हा येतो, यावर त्याची खरी किंमत ठरते.

दुसरा मार्ग बिनतारी जोडणीचा. १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावर देशातील ‘फाइव्ह-जी’ सेवेचा आरंभ झाला आणि २०२३ साली छतावर ग्राहकयंत्र बसवून घराला इंटरनेट पुरवणाऱ्या ‘एअरफायबर’ सेवा दिल्लीसह मोठ्या शहरांतून सुरू झाल्या. जेथे मनोरा जवळ आहे व मध्ये झाडी वा टेकडी नाही, तेथे ही सोय चांगली चालते. परंतु मनोऱ्याची शक्ती सर्वांत वाटली जाते. दुपारी उत्तम चालणारी जोडणी रात्री नऊ वाजता, सारे गाव मोबाइल घेऊन बसले असता, अडखळू लागते. आणि खेळाची वेळही नेमकी तीच. मोबाइलवरूनच कन्सोलला इंटरनेट देणे हा त्याचाच अधिक दुबळा प्रकार असून दररोजच्या डेटाची मर्यादाही त्याला असते.

तिसरा मार्ग उपग्रहाचा. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर स्थिर भासणाऱ्या उपग्रहामार्फत निरोप पाठवून उत्तर मिळवावयाचे, तर केवळ अंतर कापण्यातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. पत्रव्यवहाराला, अभ्यासाला ही जोडणी चालेल. चुरशीच्या खेळाला चालणार नाही. सुमारे साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा विलंब पुष्कळच कमी असतो. अशा सेवेसाठी स्टारलिंक कंपनीला भारत सरकारचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. मात्र उपग्रहाच्या कोणत्याही सेवेत आकाश मोकळे दिसणे आवश्यक असते आणि यंत्राची किंमतही हिशेबात धरावी लागते.

निरोप शेवटी कोठे जातो, यालाही महत्त्व आहे. खेळ चालवणारा संगणक मुंबईत असेल तर दिल्लीकडील खेळाडूला तो जवळचा. सिंगापुरात असेल तर प्रकाशालाही जाण्या-येण्यास किमान चाळीस मिलिसेकंद हवेतच, आणि समुद्रातील तारांच्या वळणाने प्रत्यक्षात अधिक. देशातल्या देशात जाणारी माहिती परदेशाचा फेरा न घेता परस्पर पोचावी, याकरिता २००३ साली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिचे एक केंद्र नोएडातच आहे. मोठ्या आकड्याची योजना घेतल्याने सिंगापूर जवळ येत नाही, हे ध्यानी ठेवलेले बरे.

मग रुंदीला काहीच अर्थ नाही काय? आहे, पण तो खेळ उतरवून घेताना. शंभर गिगाबाइटचा एखादा खेळ चाळीस मेगाबिटांच्या जोडणीवर साडेपाच तास घेतो, शंभरच्या जोडणीवर सव्वादोन. रात्री उतरवण्यास लावून निजणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. मासिक मर्यादा मात्र विचारून घ्यावी; असे दोन-तीन खेळ आणि घरातील चित्रपट मिळून ती संपली, तर उरलेला महिना रांगत काढावा लागतो.

आणखी एक अडचण कोणी आपण होऊन सांगत नाही. पुष्कळ कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देतात. साऱ्या चाळीला एकच पत्रपेटी असावी, तसे हे आहे. पाठवलेले पत्र जाते, त्याचे उत्तरही येते. पण बाहेरून प्रथमच हाक मारणाऱ्याला नेमके दार सापडत नाही. मग मित्राचा आवाज ऐकू येत नाही, खेळाची बैठक जुळत नाही. स्वतंत्र पत्ता मिळतो काय, किंवा ‘आयपीव्ही-सिक्स’ ही नवी पत्तापद्धती चालू आहे काय, एवढे विचारले म्हणजे पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

सुज्ञ गृहस्थाने वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. एक महिना पाहावे. शेजाऱ्याच्या घरी तीच जोडणी असल्यास रात्री आठ ते दहाच्या दरम्यान पिंग मोजून पाहावा, आणि तोही घरातील दुसरे कोणी चित्रपट पाहत असताना. कन्सोल शक्य तर तारेनेच जोडावा. वायफायच्या वाटेत जाड भिंत आली, की उत्तम काचतंतूही व्यर्थ होतो. वीज जाते त्या गावी जोडणीच्या पेटीला छोटी बॅटरी द्यावी. या उपायांना फार खर्च नाही, आणि आकडा वाढवून घेण्यापेक्षा त्यांचा गुण अनेकदा अधिक येतो.

हा सारा खटाटोप खेळासाठी, असे म्हणून कोणी नाक मुरडील. पैशाची बाजी लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने निषिद्ध ठरवले. त्याच कायद्याने ई-क्रीडेला मान्यता दिली, हेही विसरता येत नाही. शिवाय जी जोडणी खेळात टिकते, ती मुलीच्या ऑनलाइन वर्गात, आजोबांच्या डॉक्टरांशी होणाऱ्या दृक्‌संभाषणातही टिकते. कारण तेथेही गरज असते ती वेळेवर मिळणाऱ्या उत्तराचीच.

२६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांसाठी दूरचित्रवाणीवर ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. तेव्हा सामुदायिक संचासमोर बसलेले गाव राजधानीचे बोलणे ऐकत होते. उलट बोलण्याची सोय त्या संचात नव्हती. आज त्याच परिसरातील खेडे उत्तर देऊ शकते, स्पर्धाही करू शकते. ते उत्तर वेळेवर पोचावे, एवढेच पाहावयाचे आहे.