धुरांडे आणि देऊळ



कारखान्याच्या इमारतीचे छायाचित्र ही कला म्हणावी काय, हा आजचा विषय. आपल्या कॅम्प ४ पासून अंबरनाथचे शिवमंदिर दूर नाही. त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६० साल, नोंदलेले आहे. त्याचे चित्र टिपताना आपण उन्हाची तिरीप कोरीव कामावर येईपर्यंत थांबतो. शेजारच्या धुरांड्यासाठी मात्र क्षणभरही थांबत नाही. उपयोगाच्या वस्तूत सौंदर्य कसले, अशी आपली समजूत!

ती खरी नव्हे. कारखान्याचे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर पाहा. त्याच्या काचा उत्तरेकडे असतात, कारण तिकडून येणारा उजेड सौम्य असतो आणि कामगाराच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. गरजेतून आकार जन्मला आणि तो देखणा निघाला.

जर्मनीतील बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या आणि खाणींवरचे मनोरे टिपले. आभाळ ढगाळ, कॅमेरा अगदी समोर, माणूस एकही नाही. आणि एका जातीची चित्रे शेजारी शेजारी मांडलेली. १९९० साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले, तेही शिल्पकलेचे! आपल्याकडे १९२६ साली लाहोरला जन्मलेल्या मित्तर बेदी यांनी १९८५ मध्ये निधन होईपर्यंत मुंबईत राहून हेच क्षेत्र गाजवले. कंपन्यांच्या कामासाठी काढलेल्या त्यांच्या कृष्णधवल चित्रांत नळांची वळणे आणि टाक्यांचे घाट एखाद्या रागदारीसारखे उलगडतात.

पण एक प्रश्न उरतोच. वालधुनी नदी त्या देवळाजवळून वाहत येते आणि कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेत पुढे जाते. धुराचा लोट चित्रात सुंदर दिसतो. तो कुणाच्या छातीत जातो, हे चित्र सांगत नाही. म्हणून आम्हांस वाटते, निव्वळ आकारावर भाळणारी कला अपुरी आहे.

मग काय करावे? युद्धकाळातील छावणीच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासितांनी संसार मांडले, उद्योग उभे केले. अंबरनाथचा आगपेट्यांचा विमको कारखाना बंद पडला. देवळाला निदान शिलालेख तरी आहे; या वास्तूंना तोही नाही. तेव्हा त्या पाडल्या जाण्यापूर्वी त्यांची चित्रे काढा. उजेडासाठी थांबा, रेषा सरळ ठेवा. आणि चित्राखाली लिहा, येथे काय बनत होते, कोण राबत होते, सांडपाणी कुठे जात होते. एवढे झाले की ते चित्रच या वास्तूंचा शिलालेख होईल.