जुन्या मोटारीचे दुखणे : आधी निदान, मग दुरुस्ती



मोटार जुनी झाली की तिच्याविषयी दोन तक्रारी बहुधा जोडीने येतात. इंजिन एकसारखे चालत नाही ही पहिली, आणि पेट्रोल पूर्वीपेक्षा अधिक लागते ही दुसरी. मालक गाडी गॅरेजात नेतो. तेथे पहिला हात जातो तो कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे. स्क्रू फिरवताच आवाज घटकाभर सुधारतो, आणि आठवड्याभरात दुखणे पुन्हा डोके वर काढते. मग प्लग बदलले जातात, कॉइल बदलते, नवा कार्ब्युरेटर बसतो आणि अखेरीस ‘इंजिनच उतरवावे लागेल’ असा निर्णय कानी पडतो. यातील पुष्कळसा खर्च निदानावाचून केलेल्या उपचाराचा असतो.

उदाहरणादाखल महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची गाडी घ्यावी. मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. टॅक्सी म्हणून नोंदलेली मुंबईतील शेवटची पद्मिनी वीस वर्षांची मुदत पुरी करून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि खासगी मालकांनी जिव्हाळ्याने जपलेल्या पद्मिनी आजही रस्त्यावर दिसतात. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. त्यांपैकी एक सिलिंडर पेटेनासा झाला तरी तो आपल्या वाट्याचे पेट्रोल घेतच राहतो आणि ते न जाळता बाहेर टाकतो. त्याचे ओझे उरलेल्या तिघांवर पडते. गाडीचे मिसिंग आणि घटलेले ॲव्हरेज ही अशी एकाच दुखण्याची दोन लक्षणे असतात.

आधी वही, मग पाना

निदानाचा प्रारंभ वहीपासून व्हावा. टाकी काठोकाठ भरून गाडी नेहमीच्या रस्त्यावर तीनशे किलोमीटर चालवावी आणि टाकी पुन्हा तितकीच भरावी. तीस लिटर लागले तर ॲव्हरेज दहाचे, हा हिशेब काट्यावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा विश्वसनीय होय. गाडी केव्हा अडते हेही टिपून ठेवावे. थंड असताना की तापल्यावर, उभी असताना की चढावर, याच्या उत्तरातच अर्धे निदान असते.

इंजिन सुरळीत असूनही पेट्रोल अधिक लागत असेल, तर दोष अन्यत्र शोधावा. टायरमधील कमी हवा, चाकाला घासणारा ब्रेक आणि घसरणारा क्लच हे तिघे इंजिनाचे श्रम परस्पर खाऊन टाकतात. आणखी एक दोष सहसा ध्यानात येत नाही. गाडी तापते म्हणून एखादा कारागीर थर्मोस्टॅट काढून टाकतो. त्यानंतर इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही आणि पेट्रोल नीट जळत नाही.

इंजिनाची प्रकृती

मिसिंग असेल, तर प्रथम चारही प्लग क्रमाने काढून मांडून ठेवावेत. फिकट तपकिरी रंग निरोगीपणाचा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल अधिक. तेलकट ओलावा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइड झिजलेल्या. पांढुरके, भाजल्यासारखे टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा ठिणगी फार लवकर. एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरात शोधावा. चारही सारखेच काळे असतील तर तो चौघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे कार्ब्युरेटर, चोक किंवा एअर फिल्टर येथे शोधावा.

यानंतर कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, कॉइलची जोडणी सोडून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडराचा दाब गेजवर पाहावा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत किंवा नाहीत याला येथे अधिक महत्त्व आहे. एखादा सिलिंडर मागे पडला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील, तर हेड गॅसकेटवर संशय घ्यावा.

व्हॉल्व्हच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. जुन्या इंजिनांत शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे. तो गेल्यावर, विशेषतः वेगाने व भार घेऊन चालणाऱ्या गाडीत, बैठक झिजते, व्हॉल्व्ह आत सरकतो आणि टॅपेटची फट बुजते. अशा वेळी ती फट पुस्तिकेप्रमाणे लावण्याने काम भागते, आणि इंजिन उतरवण्याची वेळ टळू शकते.

ठिणगी आणि वेळ

कॉम्प्रेशन समाधानकारक असेल, तरच ठिणगीकडे वळावे. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट झिजले की त्यांची फट बदलते आणि फटीबरोबर टायमिंगही सरकते. म्हणून आधी पॉइंट, मग टायमिंग हा क्रम मोडू नये. ठिणगी उशिरा पडली तर पिकअप जातो, इंजिन तापते आणि पेट्रोल वाया जाते. कॅपमधील बारीक तडा, निकामी कंडेन्सर आणि वेगानुसार टायमिंग पुढे नेणारी, पण गंजून अडकलेली वजने यांचीही तपासणी व्हावी.

हवा, पेट्रोल आणि चिठ्ठी

कार्ब्युरेटरची पाळी येते ती येथे, सर्वांत शेवटी. प्रथम एअर फिल्टर आणि अर्धवट ओढलेला राहणारा चोक पाहावा. गाडी उभी असताना थरथरते पण वेग घेतल्यावर सुधारते, तर कार्ब्युरेटरखालच्या गॅसकेटमधून हवा शिरत असण्याचा संभव असतो. जेट साफ करताना त्यात तार घालू नये; छिद्र किंचित मोठे झाले तरी पेट्रोलचा खर्च कायमचा वाढतो. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली दिसत असेल, तर पंपाचा पडदा फाटला असावा. अशी गाडी चालवू नये.

प्रदूषण तपासणीची चिठ्ठीही निदानास उपयोगी पडते. या जुन्या चारचाकींना उभ्या स्थितीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. तो आकडा चढला असेल तर मिश्रणात पेट्रोल अधिक आहे. तो कमी असून हायड्रोकार्बनचा आकडा मात्र चढला असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे, म्हणजे दोष मिसिंगचा.

इंधन बदलले, गाडी तीच

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलहून सुमारे एक-तृतीयांशाने कमी आहे. म्हणून ॲव्हरेजमधील थोडी घट इंधनामुळेच होते, तिचा दोष इंजिनाला देऊ नये. इथेनॉलला जळण्यास हवाही कमी लागते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट मात्र ठरावीक मापाचे, त्यामुळे मिश्रण पातळ होते आणि इंजिन गचके देते. जुने रबरी पाइप व पंपाचा पडदा इथेनॉलने खराब होतात. ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवावेत. इथेनॉल पाणी शोषून घेते, यास्तव गाडी महिनोन्महिने जुन्या पेट्रोलवर उभी ठेवू नये.

या सर्व तपासण्यांना मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक गेज, एक फिलर, एक टायमिंग लाइट आणि एक वही एवढ्यावर काम भागते. नियम मात्र एकच पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलल्यावर मोजावे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग परदेशांतून येतो. न जळता बाहेर पडलेले पेट्रोल मालकाच्या खिशातून जाते, देशाच्या परकीय चलनातून जाते आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मुलाच्या श्वासात मिसळते. पाना उचलण्यापूर्वी तासभर निदानाला देणारा मालक आणि कारागीर ही तिन्ही प्रकारची हानी टाळू शकतात.